आयएसओ वाढतो, उजेड नाही

‘मिररलेस घेतलाय ना, मग फ्लॅश कशाला?’ लग्नाच्या ऑर्डरी घेऊ पाहणाऱ्या नवख्या मुलाला हा प्रश्न आज सगळीकडे ऐकायला मिळतो. कल्याणच्या दुकानात तोच, मुरबाडच्या स्टुडिओत तोच आणि टोकावड्याच्या नाक्यावर चहा पिताना मित्रांकडूनही तोच. विचारणारे अडाणी नसतात. त्यांनी चांगले काम पाहिलेले असते, काहींनी केलेलेही असते. त्यामुळे हे मत हसण्यावारी नेऊन भागणार नाही. आधी ते त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडले पाहिजे.

पूर्वपक्ष असा. फिल्मच्या काळात लग्नाला चारशेचा रोल म्हणजे डोक्यावरून पाणी. त्याच्या वर गेले की दाणे दिसायचे. म्हणून फ्लॅशगन ही तेव्हाची गरज होती. आज साध्यातला साधा मिररलेस ६४०० आयएसओवर अल्बमच्या पानावर छापण्याजोगा फोटो देतो, उरलेसुरले दाणे सॉफ्टवेअर पुसून टाकते. त्यात एफ १.८ ची पन्नासची लेन्स लावली की काळोखाचे भय संपले. व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो काढण्याआधीच तो कसा येणार ते दिसते. शिवाय रुचीचा प्रश्न आहे. जुने अल्बम उघडा: चुना फासल्यासारखे पांढरे चेहरे, मागच्या भिंतीवर चिकटलेली काळी सावली आणि त्यापलीकडे मिट्ट काळोख. मांडवाची सगळी रया त्या एका लखलखाटाने घालवलेली. आजच्या कँडिडच्या जमान्यात असला फोटो कोण घेणार?

यातले एकेक विधान सुटे घेतले तर खरे आहे. चुकते ते त्यांवरून काढलेले अनुमान. या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरली आहे ती अशी की, फ्लॅशचे काम उजेड कमी पडला तर तो पुरवणे, एवढेच. हे गृहीतच मुळात टिकत नाही.

आधी उजेडाच्या प्रमाणाचाच मुद्दा निकालात काढू. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर प्रकाशाचा एकही कण जास्त पडत नाही. जे थोडे पडले तेच मोठे करून दाखवले जाते. १०० वरून ६४०० वर जाणे म्हणजे सहा स्टॉप, म्हणजेच ६४ पट कमी प्रकाशात काम भागवणे. प्रकाशाचे कण मुळातच अनियमितपणे येतात आणि हा अनियमितपणा त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने चालतो. म्हणून प्रकाश ६४ पट घटला की चित्राची स्वच्छता आठपट खालावते. नव्या सेन्सरने स्वतःची खरखर पुष्कळ कमी केली हे खरेच, पण ही दुसरी खरखर प्रकाशाच्या स्वभावातली आहे आणि तिच्यापुढे कोणत्याही कंपनीचे काही चालत नाही. तरीही या मुद्द्यावर मी हटून बसणार नाही. ६४०० वरचा फोटो चालून जातो, हे पूर्वपक्षाला बहाल. माझा खरा आक्षेप रंगावर आणि दिशेवर आहे.

रंगासाठी टोकावड्याच्याच परिसरात येऊ. कल्याणहून मुरबाड, सरळगाव करत माळशेज घाटाकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वरचे हे गाव म्हणजे आजूबाजूच्या गावापाड्यांची बाजारपेठ. इथल्या आगरी-कुणबी लग्नांत हळदीची रात्र लग्नाच्या दिवसापेक्षा मोठी. दारातल्या मांडवात लग्नगीते म्हणणाऱ्या धवलारणीचे धवळे, मग बेंजो किंवा डीजे, आणि जोडीला डेकोरेशनवाल्याने चारी खांबांना बांधलेले पार लाइट. हे पार लाइट एलईडीचे असतात आणि रात्रभर लाल, निळा, जांभळा असे रंग बदलत राहतात. पाहुण्यांना मौज वाटते, कॅमेऱ्याची मात्र पंचाईत होते.

का, ते नीट पाहण्यासारखे आहे. हळदीचा पिवळा रंग करक्यूमिन या द्रव्याचा. हे द्रव्य निळा प्रकाश शोषून घेते आणि लाल-हिरवा परत टाकते, म्हणून डोळ्याला पिवळे दिसते. आता नवरीच्या हळद माखलेल्या गालावर नुसताच निळा प्रकाश टाका. परत टाकायला लाल-हिरवा आलेलाच नाही आणि निळा तर हळदीने गिळला. उरतो तो काळपट डाग. ज्या रंगासाठी तो सगळा विधी मांडला तोच रंग फोटोत शाईच्या वळासारखा उतरतो. इथे आयएसओ १२८०० करा, एफ १.४ ची लेन्स लावा, घरी जाऊन व्हाइट बॅलन्सचा दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा. काही उपयोग नाही. जो रंग गालावरून निघालाच नाही तो सॉफ्टवेअर आणणार कुठून? फार तर अंदाजाने रंगवील. फ्लॅशचा प्रकाश दिवसाच्या उन्हाच्या जवळचा, साधारण साडेपाच-सहा हजार केल्विनचा, आणि त्यात सगळे रंग असतात. तो गालावर पडला की हळद हळदीसारखी दिसते. मागचे निळे-जांभळे दिवे मागेच राहतात, शोभेला.

याच दिव्यांची दुसरी खोड अशी की स्वस्त एलईडी सलग जळत नाही, फार वेगाने उघडझाप करतो. डोळ्याला ते कळत नाही. मिररलेसचा आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर मात्र चित्र एका दमात न घेता ओळीओळीने वाचतो, त्यामुळे फोटोवर आडवे पट्टे उमटतात. म्हणजे ज्या कॅमेऱ्याच्या भरवशावर फ्लॅश टाकून द्यायचा, तोच कॅमेरा या शटरवर मांडवातल्या दिव्यांपुढे जुन्या डीएसएलआरपेक्षा अडचणीत येतो.

आता दिशा. टोकावड्याहून पुढे वैशाखरे, आणि तिथून नाणेघाटाची चढण. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख डाव्या-उजव्या भिंतींवर कोरलेला आहे. यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची ती यादी, त्यातले अंक तर भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात फार महत्त्वाचे. भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांनी ते वाचून दाखवले. पण आज लेण्यात उभे राहून मोबाइलवर काढलेला फोटो पाहा: खडबडीत करडा दगड, मध्येच एखादे अक्षर. उजेड पुरेसा आहे, फोटो स्वच्छ आहे, तरी लेख दिसत नाही. कारण उथळ खोदकाम दिसते ते त्याच्या सावलीमुळे, आणि समोरून सपाट उजेड आला की सावली पडत नाही. आता फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा, भिंतीला जवळजवळ लागून बाजूला धरा आणि प्रकाश भिंतीवरून सरपटत जाऊ द्या. प्रत्येक रेघेची एक कड उजळते, दुसरी काळी पडते आणि अक्षरांची ओळ उठून येते. याच तत्त्वावर एचपीच्या प्रयोगशाळेतल्या टॉम माल्झबेंडर यांनी २००१ मध्ये एक पद्धत मांडली: कॅमेरा स्थिर, दिवा वेगवेगळ्या कोनांतून, आणि त्या फोटोंवरून पृष्ठभागाचा चढउतार काढायचा. आज जगभर शिलालेख आणि नाणी वाचायला ती वापरतात. अक्षरांत खडू भरण्याचा किंवा पाणी मारण्याचा जो अघोरी प्रकार हौशी लोक करतात, त्याची काही गरज उरत नाही.

दगडाला जे लागू तेच चेहऱ्याला. नाकाची धार, नथीचा मोती, म्हाताऱ्या आजीच्या कपाळावरच्या आठ्या, शालूच्या जरीचे वेल हे सगळे दिसते ते एका बाजूने आलेल्या उजेडाने. मांडवातले दिवे डेकोरेशनवाल्याने आपल्या सोयीने बांधलेले असतात. ते नवरीच्या डोक्यावर असले तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडणार, पाठीमागे असले तर चेहरा. आयएसओ त्या चुकीच्या उजेडालाच मोठा करतो. उजेड कुठून यावा हे ठरवायचा अधिकार छायाचित्रकाराला हवा असेल तर स्वतःचा दिवा लागतो.

राहिला रुचीचा आक्षेप, की फ्लॅश मांडवाची रया घालवतो. जुन्या अल्बमांतला दोष खरा, पण गुन्हेगार चुकीचा पकडला आहे. तो दोष फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर बसवून समोर सरळ मारण्याचा आणि शटर फार वेगात ठेवण्याचा. फ्लॅश वापरताना एका फोटोत दोन उजेडांचा हिशेब चालतो. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या शेकडोव्या, हजाराव्या भागात येऊन जातो, म्हणून शटर किती वेळ उघडा आहे याचे त्याला सोयरसुतक नसते. त्याचा बंदोबस्त छिद्र, आयएसओ आणि फ्लॅशची ताकद यांनी करायचा. मांडवाच्या उजेडाला मात्र शटर लागू होतो. शटर १/२०० ठेवला की मागे काळोख; १/३० वर आणला की माळा, दिवे, धूर सगळे जिवंत. म्हणजे वातावरण घालवायचे की राखायचे हे फ्लॅश ठरवत नाही, शटरवरचे बोट ठरवते. उलट हळदीत नाचणाऱ्या पोरांचा नुसत्या आयएसओवर १/३० ने काढलेला फोटो हमखास हलतो. बॉडीतले स्थिरीकरण तुमचा हात सावरते, नाचणाऱ्याचे पाय सावरत नाही. कमी ताकदीवर मारलेला फ्लॅश तो नाच जागच्या जागी गोठवतो. एमआयटीतल्या हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात विजेच्या झोताने उडती गोळी आणि दुधाचा थेंब पकडला, तो याच गुणावर.

इथवर पटले तर नवखा माणूस फ्लॅश घ्यायला निघतो आणि उलट्या टोकाच्या मताच्या तावडीत सापडतो. ते मत सांगते: घ्यायचाच तर कॅमेऱ्याच्या कंपनीचाच घे, सर्वांत मोठ्या गाइड नंबरचा घे, टीटीएल असलेला घे आणि छतावर बाउन्स कर. चारही सल्ले तपासून घेतले पाहिजेत; त्यांतला कंपनीचा मुद्दा पुढे निवडीच्या वेळी येईल.

गाइड नंबर म्हणजे आयएसओ १०० ला अंतर गुणिले छिद्र. पण खोक्यावरचा ६० हा आकडा बहुधा फ्लॅशचे डोके २०० मिलिमीटरवर झूम करून मोजलेला असतो. मांडवात तुम्ही ३५ वर काम करता, तेव्हा तो पुष्कळ खाली येतो, आणि छत्री लावली की आणखी. त्यामुळे दोन फ्लॅशची तुलना करायची तर दोघांचे आकडे एकाच झूमवरचे आहेत का, हे आधी पाहावे. बाकी आयएसओ ८०० वर सहा-सात फुटांवरच्या नवरीसाठी मध्यम फ्लॅशची १/३२ ताकदही पुरते. इथे मिररलेसचा वाढीव आयएसओ खरोखर कामाला येतो, तो फ्लॅश हटवत नाही, लहान फ्लॅशला मोठा करतो.

टीटीएल वाईट नाही. नवरा-नवरीमागे धावताना अंतर सारखे बदलते, तिथे ते सोयीचे. पण ते आधी एक छोटा झोत मारून परत आलेल्या उजेडावरून अंदाज बांधते. समोर पांढरे धोतर-टोपी आली की कमी मारते, काळा कोट आला की जास्त. फ्लॅश स्टँडवर, नवरीची जागा चौरंगावर, म्हणजे अंतर ठरलेले. अशा वेळी हाताने ठरवलेली ताकद पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत सारखी राहते. नवशिक्याला उजेडाची समजही हातानेच येते.

छतावर बाउन्स करण्याचा सल्ला ज्यांनी दिला त्यांच्या डोक्यावर पांढरे, सपाट, दहा फुटांवरचे छत होते. आपल्याकडे वर मांडवाचे लाल-पिवळे कापड, नाहीतर काळी पडलेली कौले, नाहीतर हॉलचा वीस-पंचवीस फूट उंच पत्रा. कापडावर मारला तर तोच रंग नवरीच्या तोंडावर उतरतो, कौलांत गेलेला झोत परत येत नाही, पत्र्यापर्यंत तो पोचेपर्यंत जीव उरत नाही. भिंतही गुलाबी किंवा पोपटी ऑइलपेंटची. म्हणून इथे बाउन्सचे साधन आपणच न्यावे: एक पांढरी छत्री, फार तर थर्माकोलचा तुकडा.

आता मंडन. मुरबाड-शहापूरकडे काम सुरू करणाऱ्याने पहिला फ्लॅश निवडताना गाइड नंबरच्या आधी पुढच्या गोष्टी, याच क्रमाने, पाहाव्यात.

पहिली गोष्ट कॅमेराच. प्रत्येक मिररलेसला फ्लॅश चालतोच असे नाही. सोनीच्या झेडव्ही-ई१० मार्क दोनमध्ये यांत्रिक शटर नाही आणि त्यावर फ्लॅश चालत नाही. आधीच्या झेडव्ही-ई१० वर चालतो. कॅननच्या आर५० वर नेहमीच्या धर्तीचा फ्लॅश बसवायला मध्ये एडी-ई१ हा अडॅप्टर लागतो. बॉडी घेण्याआधीच हे विचारावे. घरातल्या कपाटात फिल्मच्या काळातला फ्लॅश पडला असेल तर तो हौसेने वर चढवू नये. अशा काही फ्लॅशच्या संपर्कबिंदूवर शंभर-दोनशे व्होल्टचा दाब असतो आणि बॉडी कायमची जाऊ शकते.

दुसरी गोष्ट, फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरला पाहिजे. आत रेडिओ रिसीव्हर असलेला साधा मॅन्युअल फ्लॅश, गोडॉक्सच्या टीटी६०० सारखा, आणि वर बसवायला ट्रिगर. ट्रिगर तेवढा तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीला जुळणारा लागतो. उद्या सोनी विकून निकॉन घेतला तर ट्रिगर बदलायचा, फ्लॅश तेच राहतात. कंपनीच्या एका चांगल्या फ्लॅशच्या पैशांत बहुधा असे दोन फ्लॅश, ट्रिगर, स्टँड आणि छत्री एवढे सगळे बसते. मुंबईत बोरा बाजारात घासाघीस केली तर थोडे उरेलही.

तिसरी गोष्ट, डोके वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे फिरणारे हवे. कॅमेऱ्यासोबत मिळणारे चिमुकले फ्लॅश इथेच बाद होतात.

चौथी, सेल. लिथियम पॅकचे फ्लॅश लवकर चार्ज होतात आणि जास्त झोत देतात, हे कबूल. पण तो पॅक रात्री अकराला बसला तर माळशेजच्या पायथ्याशी दुसरा मिळत नाही. डबल-ए सेलवर चालणाऱ्या फ्लॅशला रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइडचे दोन संच ठेवावेत, आणि अगदीच अडले तर किराणा दुकानातले अल्कलाइन सेलही वेळ मारून नेतात. पहिल्या फ्लॅशला ही हमी मोठी.

पाचवी मिररलेसची खास गोम. व्ह्यूफाइंडर मांडवाचा उजेड दाखवतो, फ्लॅशचा नाही. मॅन्युअल फ्लॅशचे सेटिंग लावल्यावर पडदा काळा पडला की नवखा घाबरून आयएसओ वाढवतो आणि पहिला फोटो पांढराफटक येतो. मेनूत जाऊन सेटिंगचा परिणाम दाखवणारा पर्याय तेवढा बंद करायचा. तसेच फोकसला मदत करणारा फ्लॅशवरचा लाल किरण बहुतेक मिररलेस वापरत नाहीत. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

सुरुवातीचे माप सांगायचे तर: छत्रीतला फ्लॅश नवरीच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला, डोळ्यांच्या थोडा वर, सहा-सात फुटांवर, ताकद १/३२, आयएसओ ८००, छिद्र एफ ४, शटर १/६०. चेहरा फार उजळ वाटला तर ताकद कमी करा, मांडव काळा वाटला तर शटर संथ करा. मांडवात पिवळे बल्ब असतील तर फ्लॅशच्या तोंडावर फिकट नारिंगी जिलेटिन पेपर लावा, म्हणजे चेहरा आणि मागचा उजेड एकमेकांपासून फटकून राहणार नाहीत.

सिद्धान्त मांडताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला की समोरचे थेंब पांढरे ठिपके होऊन फोटोभर पसरतात. तिथे तो पिशवीतच बरा. पावसाआधी चमकणाऱ्या काजव्यांवर तो मारणे पापच, कारण त्यांची उघडझाप म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते. अजिंठ्यासारख्या रंगवलेल्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. सकाळी ओसरीवर बसलेल्या आजीवर दारातून तिरका उजेड येत असेल तर फ्लॅशला हातही लावू नये. जिथे उजेडाची दिशा आणि रंग आधीच बरोबर आहेत, तिथे पूर्वपक्षाचे म्हणणे सोळा आणे खरे. हळदीच्या रात्री मात्र या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हातात असतात.

म्हणून निकाल साधा आहे. मिररलेसने फ्लॅशची गरज संपवलेली नाही. मोठ्या, महागड्या फ्लॅशची गरज संपवली आहे. पहिल्या ऑर्डरीच्या पैशांतून दुसरी लेन्स घ्यायचे मनात असेल तर ती पुढच्या हंगामावर ढकला. या लग्नसराईआधी एक साधा फ्लॅश, एक ट्रिगर, एक स्टँड आणि एक पांढरी छत्री घ्या, आणि ऑर्डरीआधी घरच्याच कोणाच्या तरी गालाला हळद लावून सराव करा.